भाव ठरवतो दुसरा माणूस

"काय रे, तिकडे जाऊन भंगार विकतोस म्हणे?" हर्णैला पाऊल ठेवलं की कोणी ना कोणी हे विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर साफ दिसतं की एवढा शिकला पोरगा आणि बघा काय वेळ आली. तर मंडळी हो, भंगारच. मी बर्मिंगहॅमच्या जवळ राहतो, दिवसा नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात जुन्या गाड्यांचे सुटे पार्ट ईबेवर, म्हणजे इंटरनेटवरच्या खरेदी-विक्रीच्या साईटवर, विकतो, आणि खोटं कशाला बोलू, घराचा हप्ता बऱ्यापैकी त्यातूनच निघतो. आत्ता मे महिन्याची रजा टाकून घरी आलोय. मावसभाऊ आणि त्याचा दापोलीतला गॅरेजवाला दोस्त, ज्याला सगळे अण्णा म्हणतात, दोघं रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसतात की आम्हाला पण शिकव. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकतो.

आधी एक गैरसमज काढतो. गाडी मी तोडत नाही. तिकडे गाडी मोडीत काढणं हे लायसन्सवाल्या यार्डाचं काम, तेल, कूलंट, बॅटरी सगळं नीट काढून घ्यायचे नियम आहेत, आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या कायद्यापासून भंगाराचे पैसे रोख देताच येत नाहीत, बँकेतूनच द्यायचे. स्वतःची गाडी असेल तर घरी पार्ट काढता येतात, पण गाडी रस्त्यावर नाही असं आधी कळवायचं आणि उरलेला सांगाडा शेवटी यार्डातच नेऊन द्यायचा. माझा यार्डवाला जालंधरकडचा पंजाबी आहे, तोंडाने फटकळ पण व्यवहाराला चोख. त्याच्याकडे इन्शुरन्सवाल्यांच्या लिलावातून ठोकलेल्या गाड्या येतात. अशा गाड्यांना तिकडे ए, बी, एस, एन अशी कॅटेगरी लावतात. ए म्हणजे गाडी सगळीच्या सगळी क्रश, एक स्क्रू पण काढायचा नाही. बी म्हणजे बॉडी क्रश करायची पण चांगले पार्ट काढून विकले तरी चालतात. एस आणि एन दुरुस्त होऊन परत रस्त्यावर येऊ शकतात. आमची दिवाळी म्हणजे बी.

आता लिलाव. हर्णैच्या माणसाला लिलाव काय असतो ते मी काय सांगणार, बंदरावर होड्या लागल्या की वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग पडतात, भोवती कोंडाळं करून व्यापारी, हॉटेलवाले, बायका उभ्या, आकडा ओरडला जातो आणि बघता बघता ढीग उचलला पण जातो. पण तो लिलाव का चालतो, याचा कधी विचार केलाय? एक तर मासा थांबत नाही. दुसरं म्हणजे तेच पापलेट हवं असलेली दहा माणसं त्याच मिनिटाला तिथे उभी असतात. गाडीच्या पार्टचं दोन्ही बाबतीत उलटं. पार्ट रॅकवर पडून राहिला तर नासत नाही, फक्त जागा अडवतो, आणि तो हवा असलेला माणूस तुम्ही लिलाव मांडाल त्याच आठवड्यात येईल याचा काही भरवसा नाही. एखाद्या जुन्या पोलोच्या मागच्या डाव्या दाराची काच घ्या. ती कोणाची फुटणार, कधी फुटणार, देवाला माहीत. सात दिवसांच्या लिलावात अख्ख्या देशातून एखादाच गरजू असेल, आणि सुरुवातीचा भाव ९९ पेनी, म्हणजे जेमतेम एक पौंड, ठेवला असेल तर तो ९९ पेनीलाच घेऊन जाईल, त्याचा काय दोष.

ईबेचा हिशोब असा की तुम्ही तुमचा जास्तीत जास्त आकडा गुपचूप टाकून ठेवायचा, समोर दुसरा कोणी वाढवेल तसतसं सिस्टीम तुमच्या वतीने लागेल तेवढंच वाढवते. म्हणजे मी १०० पौंड टाकून ठेवले आणि दुसऱ्याचा जास्तीत जास्त ४० असेल तर मला ते चाळिसाच्या जरासं वर मिळतं. भाव ठरवतो तो जिंकणारा नाही, हरणारा ठरवतो, दुसऱ्या नंबरचा माणूस. तो दुसरा माणूसच नसेल तर लिलाव कशाला मांडता? यूट्यूबवर लोक छातीठोकपणे सांगतात की सगळं ९९ पेनीला लावा, आपोआप वर जातं. अजिबात जात नाही, फोनच्या कव्हरचं जात असेल.

म्हणून माझा बहुतेक माल फिक्स भावाला असतो, मग तो महिनाभर पडू दे नाहीतर वर्षभर. भाव ठरवायला साईटवर विकलेल्या मालाचा फिल्टर आहे, गेल्या ९० दिवसांत तसा पार्ट खरोखर कितीला गेला ते दिसतं. लोक काय मागतायत ते बघू नका, मागायला काय जातंय, गेला कितीला ते बघा.

लिलावाला मी ठेवतो फक्त शौकिनांचा माल. जुनी मिनी, म्हणजे १९५९ पासून २००० पर्यंत निघायची ती छोटी गाडी, तिचे वेडे तिकडे गावोगाव आहेत, क्लब आहेत, मेळावे भरतात. तिला बसणारी मिनिलाईटची चाकं, जुनी लाकडी स्टेअरिंग, रेकारोच्या सीट, असल्या मालाला दोनच काय, डझनभर बोलीवाले मिळतात आणि भाव काय होईल ते मलाही आधी सांगता येत नाही. तिथे लिलावच पाहिजे. आणि तो संपायची वेळ रविवारी संध्याकाळची ठेवायची, लोक जेवून सोफ्यावर पडलेले असतात. इथे आल्यावर त्याचीच पंचाईत, तिकडचे रात्रीचे ८ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेबारा. गेल्या रविवारी चार मिनिलाईटचा लिलाव संपत होता, घरातलं नेटवर्क गेलेलं, मी आणि मावसभाऊ चप्पल घालून वरच्या आळीपर्यंत चालत गेलो, तिथे दोन दांड्या आल्या. तो सहा दिवस एकच आकडा बघून कंटाळला होता, म्हणत होता तुझा माल पडला बघ. शेवटच्या मिनिटाला आकडा हलला, आणि शेवटच्या दहा सेकंदात तर असा उड्या मारायला लागला की हा रस्त्यात ओरडला आणि कोणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. सगळे मुरलेले लोक शेवटच्या क्षणीच बोली टाकतात, आधी टाकून समोरच्याला चेव कशाला आणायचा.

परत येताना त्याची आयडिया तयार, "मग मीच इथून बोली लावत जातो की, दुसरा माणूस मी!" हुशार आहे पण तो सरळ सरळ फ्रॉड आहे. अकाउंट तर जातंच, आणि २०१० मध्ये ब्रॅडफर्डच्या कोर्टाने स्वतःच्याच मालावर बोल्या लावणाऱ्या एका विक्रेत्याला चांगला दंड ठोकला होता. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, जाऊ दे, आंबे खा.

आता एक मजा सांगतो, आपल्या लोकांना आवडेल. तिकडे मिळणाऱ्या पहिल्या पिढीच्या आय-टेन चेन्नईहून गेलेल्या, त्यामुळे यार्डात पार्ट उलटा केला की मेड इन इंडिया दिसतं आणि उगाच बरं वाटतं. पण त्याहून भारी म्हणजे सिटीरोव्हर. २००३ मध्ये रोव्हर कंपनीने आपली टाटा इंडिका पुण्यात बनवून घेतली, पुढे स्वतःचा बिल्ला लावला आणि ब्रिटनमध्ये विकली. चालली नाही, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये कंपनीच बसली, तो बर्मिंगहॅमचा लाँगब्रिजचा कारखाना माझ्या घरापासून फार लांब नाही. पण ज्या थोड्या गाड्या उरल्यात त्यांचे मालक एकदम जिद्दी. त्यातल्या एकाला मागच्या दाराचं बाहेरचं हँडल पाहिजे होतं, ब्रिटनभर मिळेना. मी अण्णाला फोटो टाकला. अण्णा म्हणाला, "हे? हे खेडला दुकानात धूळ खात पडलंय." जुन्या स्टॉकमधलं कोरं करकरीत, काहीशे रुपयात. कुरियरने मागवलं, ड्युटी-बिटी भरली, फिक्स भाव सांगितला, त्या गृहस्थाने एका शब्दाने घासाघीस केली नाही, वर थँक्यूचं कार्ड पाठवलं. हेच लिलावाला लावलं असतं तर एकट्याची बोली, ९९ पेनी, आणि मी कुरियरचे पैसे पण खिशातून भरले असते.

पैसे खरे कुठे आहेत तर पार्ट नंबरात. ईबेवर टायटलला ८० अक्षरं मिळतात, त्यात "सुपर कंडिशन", "लवकर घ्या" असला मसाला भरू नका, कोणी तो शोधत नाही. गाडी, मॉडेल, साल कुठून कुठपर्यंत, कुठली बाजू आणि नंबर. फोक्सवॅगनचा नंबर वाचायला तर मजाच येते, सुरुवातीचं १के म्हणजे पाचव्या पिढीची गोल्फ, ६आर म्हणजे पोलो, मधले तीन आकडे वस्तूचे, ६१५ आला की ब्रेक डिस्क, ९४१ आला की लाईट, आणि शेवटच्या गटात साधारणपणे विषम आकडा डाव्या बाजूचा, सम उजव्या. ज्याला नंबर जुळतो तो प्रश्न विचारत बसत नाही, पैसे भरतो आणि मोकळा होतो.

सगळ्यात जास्त काय जातं? आरसे. तिकडच्या जुन्या गल्ल्यांत दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या असतात, मधून जाताना रोज कोणाचा तरी आरसा उडतो. आपल्या केळशी-आंजर्ल्याच्या रस्त्यावर एसटी समोरून आली की जे होतं तेच. पण आरसा म्हणजे नुसता आरसा नाही, काच तापणारा वेगळा, बटणाने मिटणारा वेगळा, इंडिकेटरवाला वेगळा, बाहेरून सगळे सेम टू सेम. म्हणून मी प्लगचा फोटो जवळून काढतो, आतल्या पिना मोजता आल्या पाहिजेत, पाच पिनांचा आरसा नऊ पिनांच्या गाडीवर गेला की तो परत आलाच म्हणून समजा. हेडलाईटचंही तसंच, मागे बसवायचे प्लास्टिकचे कान असतात, त्यातला एक तुटलेला असेल तर त्याच्याजवळ बोट धरून फोटो काढायचा. तुटलेला दाखवून विकलं तर कोणी परत करत नाही. आणि हो, ब्रिटनची हेडलाईट युरोपात विकू नका, डावीकडून चालणाऱ्या देशाची लाईट डावीकडे झुकते, तिकडे ती समोरच्याच्या डोळ्यात जाते.

इंजिनचा कॉम्प्युटर सुटा विकायच्या भानगडीत पडू नये, बहुतेक गाड्यांमध्ये तो चावीशी बांधलेला असतो, म्हणून चावी आणि लॉकसकट सेट विकायचा. एअरबॅगला मी हातच लावत नाही, आत स्फोटक असतं, साधा कुरियरवाला घेत नाही. पार्सल पोस्टाने २० किलोपर्यंत जातं, बंपर मात्र लांबीमुळे कुठेच बसत नाही, तो येऊन घेऊन जा म्हणायचं.

फसवणारे पण भेटतात. चांगला पार्ट मागवायचा, स्वतःचा मेलेला पार्ट त्याच खोक्यात भरून परत पाठवायचा, वर म्हणायचं चालत नाही. माझ्याकडे एकाने असं केलं तेव्हापासून प्रत्येक पार्टवर आतल्या बाजूला रंगाचा छोटा ठिपका देतो आणि त्याचा फोटो ठेवतो, फोटो पाठवला की पुढून आवाज बंद. पण धंदा म्हणून रजिस्टर असाल तर गिऱ्हाइकाला १४ दिवसांत नुसतं मन बदललं म्हणूनही परत करता येतं, ते धरूनच भाव लावायचा. टॅक्स पण चुकवायला जाऊ नका, वर्षाला १००० पौंडापर्यंतच्या विक्रीला सूट आहे, त्यापुढे सांगावं लागतं, आणि २०२४ पासून ३० विक्री झाल्या किंवा साधारण १७०० पौंडांवर गेलात की साईटच सरकारला कळवते.

मावसभावाचा मोठा प्लॅन होता तिकडच्या स्विफ्टचे पार्ट कंटेनर भरून इकडे आणायचा. नाही जमत. जुना माल भारतात आणायला परवाना लागतो, न्हावा शेव्यालाच कंटेनर अडकून पडेल. आणि ईबेची भारतातली साईट तर २०१८ मध्येच बंद झाली. मग अण्णाने काय करावं? माझ्या मते त्याच्याकडे आत्ताच आहे तो माल विकावा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जे मिळतं ते मुंबईवाल्याला मिळतं, मंडणगडच्या माणसाला त्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते. ओएलएक्स आहे, व्हॉट्सॲपचे गॅरेजवाल्यांचे ग्रुप आहेत, तिथे फिक्स भाव, नंबरासकट. फक्त पुराच्या गाड्यांचं एक पथ्य पाळायचं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हाच्या गाड्यांचे पार्ट अजून फिरतायत. दारं, काचा, चाकं बिनधास्त घ्या, पण ज्याच्या प्लगमध्ये गाळ किंवा पिनांवर हिरवट थर दिसला ती वायरिंग, मोटर, कॉम्प्युटर फुकट दिला तरी घेऊ नका. शिवाय आपला खारा वारा आहेच, दाराची खालची कड दाबून बघायची.

अण्णाने काल पहिला फोटो पाठवला, क्लीनर साईडचा आरसा, आय-ट्वेंटीचा. मागे त्याच्या मुलाची सायकल आली होती आणि नंबराच्या स्टिकरवर ग्रीसचा अंगठा. पुसून परत काढायला सांगितलाय.