सुरमईची थाळी

सिंधुदुर्ग किल्ला पाहून परतलेली होडी मालवणच्या धक्क्याला लागली की उतरणाऱ्या बहुतेकांना सुरमईची थाळी हवी असते. त्यात वावगे काही नाही. १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातला गेलेला हा किल्ला भर उन्हात पायी हिंडून पाहिल्यावर आणि चहूकडे खारे पाणी असताना गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींत डोकावल्यावर कोणालाही भूक लागेल.

तरीही माझा हट्ट असा, की या गावात बांगडा खावा आणि तोही तिरफळे घातलेल्या तिखल्यात, म्हणजे दाट तिखट कालवणात. तळलेली सुरमई पुण्या-मुंबईतही मिळते, तिला काटे कमी असतात, म्हणून ती पाहुण्यांना सोयीची. बांगडा बोटांनी सोडवावा लागतो, तिरफळ न चावता ताटाच्या कडेला काढून ठेवावे लागते, आणि एवढे करूनही जिभेला मुंग्या येतात त्या येतातच. सोलकढीबद्दलही माझे मत कडक आहे : ती शेवटच्या भातावर घ्यावी, थाळी येण्याआधी सरबतासारखी संपवू नये.

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आलो की सकाळी आम्ही मुले रापण ओढायला धावत असू. अर्धवर्तुळात टाकलेल्या त्या लांबलचक जाळ्याची दोन्ही टोके माणसे किनाऱ्यावरून ओढीत, आणि आमचा उपयोग जवळजवळ शून्य असला तरी दोराला हात लावल्याबद्दल चार बांगडे पदरात पडत. आजी आधी कल्ले उचलून त्यांचा लालपणा पाही, जणू मासळी समुद्रातून नव्हे तर कोणा लबाड दुकानदाराकडून आणली होती. मग पाट्यावर वाटण सुरू होई.

मासळीला घेरून तळ आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्यांच्या नौका थवेच्या थवे उचलून नेतात आणि किनाऱ्याला काही उरत नाही, अशी रापणकरांची जुनी तक्रार आहे. मालवणात त्यावरून आंदोलनेही झाली.

परवा दुपारी धक्क्याजवळच्या खानावळीत मी बांगड्याचे तिखले मागितले, तेव्हा वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "बांगडो आज गावलो नाय, सुरमय खावा." मी सुरमई घेतली. ती उत्तम होती, आणि त्याचाच मला थोडा राग आला.