मधले तीन हिरवे रकाने

त्या दिवशी आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर दोन तक्ते होते, एक खेळाडूंचा आणि एक गरजांचा. तारीख २५ एप्रिल २०२४, गुरुवार. शिकागोच्या वेळेने संध्याकाळी सातला डेट्रॉइटमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट सुरू होणार होता. इथे शिकागोत आमच्या रेडिओ कार्यक्रमात मात्र बेअर्स या शहराच्या संघाने कोणाला घ्यावं यावर दुपारपासूनच वाद रंगला होता. माझं काम बोलणाऱ्यांना आकडे पुरवण्याचं: कोणाचा करार कधी संपतो, कोण किती सामने खेळला, कुठल्या क्रमांकाची किंमत किती.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी आधी एवढं सांगते, की इथे बोली लागत नाही. ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात आणि मागच्या हंगामात तळाला राहिलेल्याला पहिला मान मिळतो. २०२४ मध्ये एकूण २५७ निवडी होत्या. नव्या खेळाडूचा चार वर्षांचा पगार त्याच्या क्रमांकावरूनच जवळजवळ ठरतो. त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाला साधारण ३ कोटी ९५ लाख डॉलर मिळाले, तेही चार वर्षांचे मिळून. संघाच्या एका वर्षाच्या पगाराची मर्यादा होती २५ कोटी ५४ लाख. चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, एवढ्या स्वस्तात चार वर्षं मिळाला तर उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो. म्हणून इथे खरं चलन म्हणजे निवडीचा क्रमांक, आणि तो दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात खेळाडू किंवा इतर क्रमांक घेता येतात.

बेअर्सकडे चारच क्रमांक उरले होते: १, ९, ७५ आणि १२२. पहिला क्रमांक आला होता कॅरोलायना संघाकडून. मार्च २०२३ मध्ये बेअर्सनी आपला पहिला क्रमांक त्यांना दिला आणि बदल्यात त्या वर्षीचे ९ आणि ६१, २०२४ ची पहिली फेरी (म्हणजे त्या फेरीतली त्यांची निवड), २०२५ ची दुसरी फेरी आणि डी. जे. मूर हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, घेतला. पुढे कॅरोलायना १७ पैकी दोनच सामने जिंकली आणि त्यांची ती पहिली फेरी थेट अव्वल क्रमांकाची निघाली. पण येणं होतं तसं देणंही होतं. दुसऱ्या फेरीचा ४० वा क्रमांक बचावपटू माँटेझ स्वेटसाठी वॉशिंग्टनला गेला होता, ११० वा रिसीव्हर कीनन ॲलनसाठी चार्जर्सना आणि १४४ वा लाइनमन रायन बेट्ससाठी बफलोला.

पहिल्या निवडीवर वाद नव्हताच. आधीचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सला मार्चमध्येच पिट्सबर्गला पाठवलं होतं, तेव्हा त्याच्या जागी केलेब विल्यम्स येणार हे उघड होतं. खरी चर्चा होती नऊ नंबरची.

गरजांचा तक्ता नीट करायचा तर प्रत्येक जागेसमोर पाच रकाने लागतात: खेळाडू, करार संपण्याचं वर्ष, गेल्या तीन हंगामांत खेळलेले सामने, वय आणि तो जायबंदी झाला तर कोण उतरेल. माझ्या फाइलमध्ये हे सगळं होतं. पण माइकसमोर बसलेल्याला एका नजरेत कळावं म्हणून भिंतीवर मी फक्त नावं आणि रंग ठेवले. जागेवर सुरुवातीचा खेळाडू ठरलेला असेल तर हिरवा, दोघांत चुरस असेल तर पिवळा, कोणीच नसेल तर लाल. स्वेटच्या समोरच्या बाजूचा एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चाल करणारा बचावपटू) लाल, तिसरा रिसीव्हर पिवळा. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पाच जणांची रांग: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडांना टॅकल. तिच्या मधल्या तीन जागांपैकी डावा गार्ड टेव्हन जेन्किन्स हिरवा आणि उजवा गार्ड नेट डेव्हिस हिरवा. सेंटरला बेट्स आणि कोलमन शेल्टन यांच्यात चुरस होती, म्हणजे माझ्याच नियमाने पिवळा हवा. पण दोघेही अनुभवी आहेत म्हणून तोही मी हिरवाच केला.

ड्राफ्ट सुरू झाला. विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ड्रेक मे: पहिले तिघेही क्वार्टरबॅक. चौथ्याला मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर, पाचव्याला टॅकल जो ऑल्ट, सहाव्याला मलिक नेबर्स, सातव्याला टॅकल जे. सी. लेथम. आठव्याला अटलांटाने मायकेल पेनिक्सचं नाव दिलं आणि स्टुडिओत क्षणभर कोणाला शब्दच सुचेना. ज्या संघाने सहाच आठवड्यांपूर्वी कर्क कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटींचा करार केला होता, त्याने पुन्हा क्वार्टरबॅक घेतला. बेअर्सच्या दृष्टीने याचे दोन अर्थ होते. रोम ओडून्झे शिल्लक होता. २०२३ मध्ये १,६४० यार्ड घेणारा वॉशिंग्टन विद्यापीठाचा हा रिसीव्हर पेनिक्सचेच चेंडू झेलत आला होता. शिवाय जे. जे. मॅकार्थी आणि बो निक्स हे दोन क्वार्टरबॅक बाकी होते आणि मिनेसोटा (११) आणि डेन्व्हर (१२) यांना क्वार्टरबॅकची निकड होती. म्हणजे नऊ नंबरला गिऱ्हाईक होतं.

पहिल्या फेरीत संघाला तेव्हा दहा मिनिटं मिळायची. ती दहा मिनिटं आम्ही थेट प्रसारणात वाद घातला.

माझं म्हणणं होतं, खाली सरका. हिशेबाला मी जिमी जॉन्सनचा जुना तक्ता धरला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये तयार झालेला हा तक्ता प्रत्येक क्रमांकाला गुण देतो: पहिल्याला ३,०००, नवव्याला १,३५०, बाराव्याला १,२००. नऊवरून बारावर गेलं तर १५० गुण येणं निघतं. डेन्व्हरकडे ७६ वी निवड होती, तिचे गुण २१०. क्वार्टरबॅकच्या घाईत संघ तक्त्यापेक्षा जास्त मोजतात, त्यामुळे १२ आणि ७६ मागणं अवाजवी नव्हतं. तसं झालं असतं तर चारच निवडी असलेल्या संघाला ७५ आणि ७६ अशा लागोपाठ दोन संधी मिळाल्या असत्या. (पुढच्याच निवडीला जेट्सनी एक पायरी खाली उतरून मिनेसोटाकडून ११, १२९ आणि १५७ घेतले आणि १० सोबत २०३ दिला. ५० गुणांच्या फरकाला मिनेसोटाने थोडं जास्तच मोजलं.)

सूत्रसंचालकाला ओडून्झेच हवा होता. ॲलन तेव्हा ३१ पूर्ण झालेला, त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलेलं. नव्या क्वार्टरबॅकला सोबत वाढणारा रिसीव्हर दे, हा त्याचा मुद्दा माझ्या मते आजही भक्कम आहे. मग त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "७६ ला तू कोणाला घेणार? रिसीव्हर तिथे या तोडीचा नाही, एज रशर नाही. लाइनमन म्हणशील तर तुझ्याच तक्त्यावर मधल्या तिन्ही जागा हिरव्या आहेत."

उत्तर माझ्या फाइलमध्ये होतं, भिंतीवर नव्हतं. जेन्किन्स तीन हंगामांत एकदाही सगळे १७ सामने खेळला नव्हता आणि त्याचा करार त्याच वर्षी संपत होता. शेल्टनचा करार एका वर्षाचा. करार आणि सामने हे दोन रकाने भिंतीवर असते तर तिन्ही जागा हिरव्या दिसल्या नसत्या. कारण ड्राफ्टमधला खेळाडू चार वर्षांसाठी येतो, त्यामुळे गरजही पुढच्या तीन-चार वर्षांची मोजावी लागते. येत्या सप्टेंबरला जागेवर कोण उभा राहील, एवढ्यावरून रंग ठरवणं चूक आहे. मी फाइल उघडेपर्यंत बेअर्सच्या निवडीचं कार्ड गेलं होतं. ओडून्झे.

पहिल्या चौदाच्या चौदा निवडी आक्रमणाच्या खेळाडूंच्या झाल्या. असं आधी कधीच घडलं नव्हतं. बचावाचा पहिला खेळाडू, लायातू लातू, पंधराव्याला गेला.

शुक्रवारी ७५ व्या क्रमांकावर बेअर्सनी येलचा टॅकल किरन अमेगाजी घेतला. अंगाने उत्तम, पण मांडीच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा कॉलेजचा शेवटचा हंगाम अर्धवट राहिलेला. अशा खेळाडूला उन्हाळ्याचा सराव पूर्ण मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्यावर विसंबता येत नाही. कॅन्ससचा गार्ड डॉमिनिक पुनी ८६ व्याला सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पहिल्याच हंगामात सगळे १७ सामने सुरुवातीपासून खेळला. शनिवारी १२२ व्याला बेअर्सनी पंटर (चेंडू लांब लाथाडणारा खेळाडू) घेतला, आयोवाचा टोरी टेलर. पंटर गुणी आहे याबद्दल शंका नाही. पण जॉर्जियाचा सेंटर सेड्रिक व्हॅन प्रॅन तेव्हा शिल्लक होता, तो १४१ व्याला बफलोने उचलला. चार निवडी हातात असताना चौथी पंटरवर घालवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. नंतर बेअर्सनी २०२५ ची चौथी फेरी देऊन बफलोकडून १४४ परत मिळवला आणि ऑस्टिन बुकर हा एज रशर घेतला. म्हणजे तक्त्यावरच्या लाल रकान्यासाठी जास्तीची निवड विकत घेतली गेली, मधल्या हिरव्यांसाठी नाही.

हंगामात विल्यम्सला ६८ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं गेलं, लीगमध्ये सर्वाधिक. हे सगळे सॅक लाइनच्या खाती टाकता येणार नाहीत. चेंडू फार वेळ हातात धरण्याची सवय त्याला होतीच. पण १० नोव्हेंबरला न्यू इंग्लंडविरुद्ध दोन्ही नेहमीचे टॅकल बाहेर होते आणि त्या एका सामन्यात नऊ सॅक झाले. त्याच महिन्यात डेव्हिसला संघातून काढलं. पाचव्या रकान्याचं, म्हणजे जायबंदी झाल्यास कोण उतरेल याचं, महत्त्व तिथे दिसतं. लाइनमध्ये एक माणूस बदलला की शेजारच्या दोघांचं काम बदलतं. येणाऱ्या बचावपटूला कोण कोणाकडे सोपवणार हा ताळमेळ सरावातूनच बसतो, आणि ऐनवेळी उतरलेल्याला तो सराव नसतो.

मार्च २०२५ मध्ये बेअर्सनी मधल्या तिन्ही जागा एकदम बदलल्या. कॅन्सस सिटीकडून गार्ड जो थुनी आला, २०२६ च्या चौथ्या फेरीच्या बदल्यात. रॅम्सकडून गार्ड जोना जॅक्सन, सहाव्या फेरीच्या बदल्यात. आणि सेंटर ड्रू डॉलमनशी तीन वर्षांचा ४ कोटी २० लाखांचा करार झाला. त्या एप्रिलच्या ड्राफ्टला आमच्या भिंतीवरच्या गरजांच्या तक्त्यावर पाचही रकाने होते आणि प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. डॉलमनसमोर कराराचा रकाना हिरवा होता. थुनीसमोर सामन्यांचा रकाना हिरवा होता, वयाच्या रकान्यात मी ३२ लिहिलं आणि तो पिवळा केला.