रावणासाठी रांग लागायची

गणपती बसायच्या महिनाभर आधी आमच्या मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाटकाचं पात्रवाटप व्हायचं, आणि दरवर्षी घोडं एकाच जागी अडायचं. राम व्हायला कुणी तयार नसायचं. रावण, दुर्योधन, शकुनी यांच्यासाठी मात्र मारामारी. "राम काय बे, नुसता उभा ऱ्हातोय आन् हसतोय," असं एकानं तोंडावर सांगितलं होतं. शेवटी ज्याचं पाठांतर चांगलं आणि घरचे लोक ऐकणारे, अशा एखाद्या गरीब मुलाच्या गळ्यात रामाची माळ पडायची.

सोलापूरच्या पूर्व भागातलं मंडळ आमचं. गल्लीत दिवसरात्र मागांचा खटखटाट, दारादारांत विडीची सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या बायका. घरात तेलुगू, शेजारी कानडी, शाळेत मराठी, आणि चौकात सगळ्यांची मिळून झालेली सोलापुरी. नाटक मराठीतच व्हायचं, पण प्रेक्षक चिडला की आपापल्या भाषेत चिडायचा. तालमी रात्री उशिरा, पाळी संपवून लोक आले की सुरू. बसवायला एक निवृत्त मास्तर होते. संस्कृत शिकवायचे आणि तंबाखू खायचे, दोन्ही तितक्याच निष्ठेनं.

रावणाच्या डोक्यांची हकीकत सांगायलाच हवी. नऊ डोकी पुठ्ठ्याची, रंगवून एका बांबूच्या पट्टीवर ठोकलेली. ती बांधली की रावण एवढा रुंद व्हायचा की विंगेतून सरळ येता यायचं नाही. म्हणून आमचा लंकापती दरबारात नेहमी आडवा प्रवेश करायचा आणि मधोमध आल्यावर वळायचा. त्या वळण्याला जी टाळी पडायची, ती रामाला अख्ख्या नाटकात मिळाली नाही. भीष्माच्या अंगावर चादर असायची, अर्थातच सोलापुरी, आणि कारखान्याचं लेबल नेमकं बाहेरच्या बाजूला.

द्रौपदीवस्त्रहरण मात्र आमच्यासारखं कुणी करूच शकलं नसतं. इतर ठिकाणी पाच-सहा साड्यांना गाठी मारतात आणि त्या गाठी खुर्चीत बसलेल्यांनाही दिसतात. आमच्याकडे विणकरांचीच वस्ती. एका मागवाल्यानं अख्ख्या ताण्याच्या, म्हणजे मागावर लावलेल्या उभ्या धाग्यांच्या, साड्या न कापताच उतरवून दिल्या. काठ सलग, कुठं गाठ नाही, कुठं जोड नाही. दुःशासन झालेला पोरगा तालमीतला पैलवान, पण ओढून ओढून खरोखर घामाघूम झाला आणि मटकन खाली बसला. सभागृह सुन्न व्हायला हवं होतं. पण पुढच्या रांगेतला एक म्हातारा विणकर डोळे बारीक करून कापडच बघत होता. तो ओरडला, "अरे, हितं तार तुटलीय की!" लगेच दुसऱ्यानं बाण्यातली, म्हणजे आडव्या धाग्यातली, चूक दाखवली. द्रौपदी हात जोडून श्रीकृष्णाचा धावा करतेय आणि खाली मालाची तपासणी चाललीय.

मास्तरांचा जीव गुंतायचा तो त्याच्या आधीच्या प्रसंगात. द्रौपदी सभेला विचारते की, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर मला पणाला लावायचा त्याला हक्क उरला होता का? भीष्मासारखा भीष्म म्हणतो, धर्माची गती सूक्ष्म आहे, उत्तर देता येत नाही. तिच्या बाजूनं उठतो तो विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. विकर्णाचं काम एवढंसं, पण मास्तर ते सगळ्यात चांगल्या नटाला द्यायचे. त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे. "शंभरात एक तरी बोलला, हे लोकांना दिसलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

1988 साली दूरदर्शनवर रविवारी महाभारत लागायला लागलं आणि आमची पंचाईत झाली. लोकांना आता सगळं तसंच हवं होतं. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला की द्रौपदीनं "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणायलाच पाहिजे, असा आग्रह. मास्तर हटून बसले. व्यासांच्या महाभारतात हे वाक्य तिच्या तोंडी नाही, तिथं दुर्योधन पडल्यावर भीम-अर्जुन आणि नकुल-सहदेव हसतात. वाल्मीकींकडे लक्ष्मणरेषाही नाही, तीही त्यांनी कधी काढू दिली नाही. याचा गल्लीला फार राग आला होता. माझ्या मते मास्तरांचंच बरोबर होतं. युद्धाचं खापर एका बाईच्या जिभेवर फोडायची एवढी घाई कशाला?

खलनायकांचं प्रेम आम्हाला नुसत्या मिशांमुळे नव्हतं. दुर्योधन जन्म न विचारता कर्णाला अंगदेशाचा राजा करतो, या प्रसंगाला आमच्या गल्लीत शिट्ट्या पडायच्या. मालकानं नावानं हाक मारली तरी दिवस गोड जाणारी माणसं ती. मंडळाच्या हिशेबाला बसणारे कानडी मुनीम तर दुर्योधनाविरुद्ध शब्द ऐकून घेत नसत. दहाव्या शतकातल्या रन्न कवीच्या 'गदायुद्धा'तला दुर्योधन रणांगणावर हिंडताना मेलेल्या अभिमन्यूपुढेही हात जोडतो, हे ते दरवर्षी नव्यानं सांगायचे आणि दरवर्षी त्यांचा आवाज भरून यायचा.

वालीवधाच्या वर्षी तर कट्ट्यावर पहाट झाली. वाली मरता मरता रामाला विचारतो, मी दुसऱ्याशी लढत असताना लपून बाण का मारलास? राम सांगतो, तू धाकट्या भावाची बायको ठेवून घेतलीस, म्हणून हा दंड. मास्तरांनी दोघांची भाषणं मूळ धरून पूर्ण ठेवली, कुणालाच झुकतं माप नाही. लाईटवाल्या चाचांनी निकाल दिला, "दोनों की बात सही है, पर बाण पीछे से नहीं मारना था." आम्हाला ते पटलं. मास्तर नुसतेच तंबाखू मळत राहिले.

रावणवधाचा शेवट त्यांनी फटाक्यांवर कधी होऊ दिला नाही. पोरं लवंगी माळा घेऊन तयार बसायची, पण आधी विभीषण यायचा. भावाचे अंत्यसंस्कार करायला तो कचरतो आणि राम म्हणतो, "मरणान्तानि वैराणि." मेल्यावर वैर संपलं, तो जसा तुझा तसा माझाही. त्या एका ओळीसाठी रामाच्या पोराला महिनाभर घोटवून घेतलेलं असायचं. तिथं तो खरंच राम वाटायचा.

पूर्व भागाची खरी मिरास मात्र मार्कंडेय ऋषी. इथला विणकर पद्मशाली समाज स्वतःला त्यांच्या वंशातला मानतो, नारळी पौर्णिमेला रथ निघतो. वनपर्वात, जयद्रथानं द्रौपदीला पळवून नेण्याचा प्रयत्न केल्यानंतर, युधिष्ठिर खचून विचारतो, माझ्याइतका दुर्दैवी कुणी झालाय का? तेव्हा त्याला रामकथा सांगतात ते हेच मार्कंडेय. हे कळल्यावर आमच्या आजूबाजूच्या अव्वा लोकांनी, म्हणजे वयस्क बायकांनी, रामायण जणू स्वतःच्या घरातलंच करून टाकलं. धर्मव्याधाची गोष्टही मार्कंडेयांनीच सांगितलेली. रागाच्या नजरेनं बगळी जाळणारा तपस्वी कौशिक एका गृहिणीच्या सांगण्यावरून मिथिलेला जातो आणि मांस विकणाऱ्या माणसाकडून धर्म शिकतो. आपलं काम नीट करावं, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळावं, एवढाच त्याचा धर्म. नाटकात लढाई नाही, मुकुट नाही, तरी ते पडेल या भीतीला खोटं पाडून दोनदा करावं लागलं.

स्वर्गारोहणाचा प्रयोग एकदाच झाला. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर आसनावर दुर्योधन, आणि स्वतःचे भाऊ नि द्रौपदी नरकात. त्यांचे आवाज ऐकून तो म्हणतो, मग मी इथंच थांबतो. विडी वळणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुढे इंद्र उलगडा करतो की, ज्याची पापं जास्त तो आधी स्वर्ग भोगतो आणि ज्याचं पुण्य जास्त त्याला आधी नरक दिसतो. मास्तर खूश होते. पण पुढच्या वर्षी वर्गणीची पावती घेऊन आम्ही दारात उभे राहिलो, तर एका अव्वानं पैसे मुठीत धरूनच विचारलं, "त्या दुर्योधनाला खाली कधी आणलालाव? ते दाखवा, मग देते."