बारा अधिक चार क्ष

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा समितीचा फोन आला. सगळ्या शिक्षकांविषयी थोडं थोडं लिहा, असं त्यांचं म्हणणं. ते मला जमणार नाही. मराठीच्या बाई, पीटीचे सर, कन्नडचा तास गोष्टी सांगून घालवणारे गुरुजी, सर्वांना माझा नमस्कार. त्यांच्याविषयी बाकीचे लिहितीलच. मी आपल्या गणिताच्या सरांविषयीच लिहिणार, आणि 1988 च्या एसएसएलसी म्हणजे दहावीच्या बॅचमधल्या कुणालाही विचारलंत तर तोही तेच करील.

सरांचा आलेखाचा फळा आठवत असेलच. काळ्या रेक्झिनचा, दोन्ही टोकांना काठ्या, पांढऱ्या रंगाने आखलेल्या चौकटी. तो काखेत मारून सर व्हरांड्यातून येताना दिसले की मागचे बाकसुद्धा गप्प व्हायचे. भीतीने नव्हे. आज कुणाच्या घरचा हिशोब फळ्यावर येणार, याची उत्सुकता असायची.

सरांचे प्रश्न दोनच. 'सुरुवातीला किती?' आणि 'एकाला किती वाढलं?' पहिल्याचं उत्तर म्हणजे क, दुसऱ्याचं म्हणजे म, आणि य = म क्ष + क एवढं लिहून झालं की रेघ मारायची. पुस्तकात क्ष आणि य नुसतेच यायचे, कुठून आले याचा पत्ता नसायचा. सरांच्या तासाला क्ष म्हणजे लग्नातली ताटं असायची आणि य म्हणजे वधूपित्याचा खर्च. कार्यालयाचं भाडं आधीच ठरलेलं, माणूस येवो न येवो ते द्यायचंच; पुढे दर ताटाला इतके. एका कार्यालयाचं भाडं कमी पण ताट महाग, दुसऱ्याचं भाडं जास्त पण ताट स्वस्त. दोन्ही रेघा एकाच फळ्यावर काढायच्या आणि त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे बोट ठेवून सर विचारायचे, 'पाव्हणे ह्याच्या अलीकडं हाईत की पलीकडं?' वर्गात एकीच्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, तिने तो आलेख वहीतून फाडून घरी नेला. रिक्षाचं उदाहरण मात्र त्यांनी कधी दिलं नाही. बेळगावात रिक्षा मीटरने जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तापमापीसुद्धा त्यांनी सोडली नाही. सेल्सियसचं फॅरनहाइट करायचं तर 1.8 ने गुणून 32 मिळवायचे, हे सूत्र आम्ही विज्ञानात घोकलेलं. ती एक सरळ रेघ आहे आणि ती शून्यातून निघत नाही, हे कळलं सरांच्या फळ्यावर. उणे 40 वर दोन्ही आकडे एकच होतात, हे आम्ही आलेख खाली वाढवत वाढवत स्वतः शोधून काढलं होतं.

पण मला लिहायचं आहे ते पिंपाविषयी. बकुळीच्या झाडाखाली पत्र्याचं पिंप असायचं, झाडांना घालायचं पाणी त्यात साठवायचे. एका शनिवारी सकाळच्या शाळेत सरांनी अख्खा वर्ग तिथे नेला. पिंपात तळाला थोडं पाणी होतं. शिपाईमामांकडून बांबूची काठी मागवली, ती बुडवली, ओल पट्टीने मोजली : 12 सेंटिमीटर. मग एक बादली ओतली : 16. आणखी एक : 20. आणखी एक : 24. प्रत्येक बादलीला चार. खडूने फरशीवरच लिहिलं गेलं, य = 4 क्ष + 12. पाचव्या बादलीला किती, सर विचारणार आणि आम्ही ओतायच्या आधीच 32 म्हणून ओरडणार. काठी काढली की 32. त्या वयात आधी सांगितलेलं खरं ठरण्याची नशा काही वेगळीच असते.

मग सरांनी विचारलं, '20 बादल्या ओतल्यावर किती?' आमच्यातल्या एका हुशार गड्याने क्षणात सांगितलं, '92.' (आज तो मोठा कंत्राटदार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.) सर काही बोलले नाहीत. बाजूला झाले आणि म्हणाले, 'मग ओत की.' हौदावरून बादल्या येत राहिल्या. अठराव्या बादलीला पाणी काठाशी टेकलं. तरी सर थांबा म्हणेनात. एकोणिसावी ओतली ती सरळ शिपाईमामांच्या चपलांवर. मामा ओरडले, पोरी खिदळल्या, आणि सर गंभीर चेहऱ्याने त्या गड्याला म्हणाले, 'काय बघालास? पिंपाची उंची मोजलीस काय?' उंची 85 होती. अठरानंतर रेघ आडवी झाली, कितीही ओता. त्या दिवसापासून सरांच्या दोन प्रश्नांत तिसऱ्याची भर पडली : 'कुठवर?' रेघ कुठवर खरी, हे लिहिल्याशिवाय पुढे कुणालाही त्यांनी पूर्ण गुण दिले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घरून तांब्याची घागर आणली. तीच कृती, फक्त बादलीऐवजी तांब्या. बिंदू रेघेवर बसेचनात. पोटाशी पाणी अगदी हळू चढायचं आणि गळ्याशी भराभर. ओतण्यात काही चूक नव्हती, दर खेपेला एकच तांब्या जात होता. भांडं वरपासून खालपर्यंत एकसारखं रुंद असेल तरच रेघ सरळ येते, हे एकाही पोराला पाठ करावं लागलं नाही.

त्याच उन्हाळ्यात शहरात पाण्याची बोंब झाली. बेळगावला पाणी राकसकोपचं. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय, काठाच्या पलीकडे चंदगड तालुक्यातलं तुडये, आणि भरल्याची खूण समुद्रसपाटीपासून 2475 फूट. वर्तमानपत्रात पातळी छापून आली की सर ती फळ्यावर टिंबाने मांडायचे. टिंबं जवळजवळ एका रेघेत येत होती. आम्ही पट्टी लावून रेघ पुढे ओढली आणि जून गाठला म्हणून खूश झालो. सर म्हणाले, 'हे पिंप आहे की घागर?' जलाशय वर पसरट, खाली निमुळता. तेवढंच पाणी उपसलं तरी तळाकडे पातळी जास्त वेगाने उतरणार, शिवाय गाळ. सरांनी आमच्या रेघेखाली हाताने एक वाकडी रेघ काढली. पुढची टिंबं त्या वाकड्या रेघेच्या बाजूने गेली. एवढं करून त्यांनी आपली पाठ थोपटून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज याच फळ्यावर शेजारी शेजारी काढलं, एक सरळ जाणारं आणि एक वर वळणारं.

आज उद्यमबागेत माझं लहानसं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर आम्ही लेथचं जॉबवर्क करतो. रोज कुणीतरी येऊन भांडतो, 'त्याला 46 रुपयांनी दिलंस, मला 100 कसे?' मी कागद ओढतो. सेटिंगचे, म्हणजे आधी मशीन जुळवायचे, 600; पुढे नगाला 40. शंभर नगांचे 4600, म्हणजे नगाला 46. दहा नगांचे 1000, म्हणजे नगाला 100. एकूण रक्कम सरळ रेघेत चढते, नगाचा भाव मात्र वाकून खाली येतो, आणि 40 च्या खाली कधीच जात नाही. गिऱ्हाईक कागदाकडे बघतं, मग माझ्याकडे. बहुतेक वेळा ऑर्डर वाढवून जातं. कुठवर, तेही मी लिहितो : टूल झिजलं की पुन्हा सेटिंग, पुन्हा 600. माझ्याकडे आयटीआय झालेली पोरं आहेत, डिप्लोमावालेही आहेत. सूत्र सगळ्यांना येतं. क कुठून आला असं विचारलं की आढ्याकडे बघतात.

मधे भाचीची वही चाळली. 'आलेख काढा' असा प्रश्न, खाली तक्ता तयार भरलेला, टिंबं जोडली की गुण. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची, पण तक्रार माध्यमाची नाही. मराठी शाळांचे वर्ग रोडावताहेत याचं वाईट वाटतंच. सीमाभागात ते बोलून आता बोलणाऱ्यालाही कंटाळा आलाय. मला खुपतं ते असं, की कुणी त्या पोरांना पिंपापाशी नेत नाही. आपल्या शाळेत आता भिंतीवर मोठा पडदा आलाय, छान आहे, त्यावर रेघ आपोआप उमटते. बकुळ अजून आहे. पिंप दिसलं नाही.

तेव्हा समितीला एक विनंती. देणगीदारांच्या यादीत माझं नाव छापू नका. त्याऐवजी दहावीच्या वर्गात आलेखाचा मोठा फळा लावू द्या, आणि बकुळीखाली पिंप. पिंप माझ्याकडे पडून आहे. फळ्यासाठी सुताराकडून दर काढलाय : बसवायचे 600, चौरस फुटाला 150. किती मोठा हवा ते कळवा. फक्त भिंतीची लांबी आधी मोजा.