नकाशातले पांढरे रस्ते

फ्रान्समध्ये राहते आणि सायकल चालवते म्हटलं की भारतातून हमखास दोन प्रश्न येतात. टूर द फ्रान्स बघितलीस का? आणि तिकडे सायकलला वेगळे ट्रॅक असतात ना? टूर बघितली आहे. जाहिरातींच्या गाड्यांनी फेकलेल्या टोप्या वेचण्यात दोन तास गेले आणि मग सगळे सायकलवाले मिनिटभरात सुर्रकन निघून गेले. ट्रॅकही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. पण मला ज्या रस्त्यांचं वेड लागलंय ते सायकलसाठी बांधलेलेच नाहीत. साधे डांबरी गावरस्ते आहेत, गाड्यांना पूर्ण मोकळे. फक्त त्यांच्यावर गाड्या नसतात.

मी लिमोजला राहते. चिनी मातीच्या भांड्यांचं हे शहर. इथल्या स्टेशनवरून (१९२९ साली थेट रुळांच्या डोक्यावर बांधलेलं, तांब्याचा हिरवा घुमट असलेलं, वेळ असेल तर नुसतं बघायलाही जावं असं) उस्सेलकडे जाणारी छोटी गाडी पकडायची, सायकल डब्यात लावायची आणि एमुतिए नावाच्या गावी उतरायचं. वाटेत सँ-लेओनार-द-नोब्ला लागतं. सायकलपटू रेमों पुलिदोर इथे राहायचे. टूरमध्ये तीनदा दुसरे, पाचदा तिसरे, आणि आघाडीवर असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी आयुष्यात एक दिवसही अंगावर नाही. १९६४ ची टूर तर अवघ्या ५५ सेकंदांनी हुकली. पाचदा जिंकलेल्या आंकतीलपेक्षा फ्रेंच लोकांचा जीव यांच्यावरच जास्त, आणि या भागात तर विचारूच नका.

एमुतिएपासून पूर्वेला मिलव्हाशचं पठार चढत जातं. पठार म्हटलं तरी सपाट काही नाही. व्हिएन, क्रझ, व्हेझेर या नद्या इथेच उगम पावतात आणि प्रत्येकीने आपापली दरी कोरून ठेवली आहे. सगळ्यात उंच टेकडी हजार मीटरला टेकत नाही, पण दिवसभर वर-खाली, वर-खाली चालूच असतं. संध्याकाळी मांड्या विचारतात, घाट तर एकही नव्हता, मग हे काय होतं?

आता हे रस्ते इतके रिकामे का? पठाराचा बराचसा भाग क्रझ जिल्ह्यात येतो. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,५६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गापेक्षा थोडं जास्तच. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख होती, आणि महाराष्ट्रात तो सगळ्यात कमी वस्तीचा जिल्हा. क्रझमध्ये माणसं आहेत सव्वा लाखाच्याही आत. पण १८५१ साली याच जिल्ह्यात २ लाख ८७ हजार लोक राहत होते.

ते गेले कुठे? पॅरिसला, इमारती बांधायला. क्रझचे गवंडी अख्ख्या फ्रान्समध्ये नावाजलेले. मार्च महिना उजाडला की गावातले धडधाकट पुरुष टोळ्या करून चालत निघायचे आणि हिवाळ्यात परतायचे. मधली शेती बायका, म्हातारी आणि पोरं बघायची. मार्तँ नादो हा त्यांच्यातलाच एक. १८३० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो बापाबरोबर पॅरिसला गेला आणि पुढे गवंड्याचा खासदार झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बॅरन ओसमान या सरकारी अधिकाऱ्याने पॅरिस पाडून नव्याने उभं करायला घेतलं, तेव्हा दगडावर दगड चढवणाऱ्यांत ही माणसं भरपूर होती. मग रेल्वे आली, जाणं सोपं झालं, आणि हळूहळू बायकापोरंही गेली. जे उरले त्यांच्यातले कितीतरी पहिल्या महायुद्धात संपले.

माझं आजोळ कुडाळकडचं, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. गणपतीत घरं उघडतात, सारवली जातात, आणि विसर्जन झालं की चाकरमानी मुंबईच्या गाडीत. इथले चाकरमानी ऑगस्टमध्ये येतात. एरवी बंद असलेल्या लाकडी झडपा उघडतात, अंगणात टेबल येतं, नातवंडं सायकली काढतात. सप्टेंबर लागला की पुन्हा सगळं बंद. इथल्या रस्त्यांवरच्या शांततेला लोक ‘निसर्गाचं वरदान’ वगैरे म्हणतात तेव्हा मला जरा रागच येतो. ही शांतता माणसं उठून गेल्यामुळे आलेली आहे.

माणसं गेली, रस्ते मात्र राहिले. फ्रान्समध्ये अजूनही जवळजवळ ३५ हजार ग्रामपंचायती आहेत, काहींत शंभर माणसंही नसतील. पण प्रत्येकीला महापौर आहे, कचेरी आहे, आणि १८३६ च्या कायद्यापासून आपल्या गावचे रस्ते राखायची जबाबदारी आहे. देशातल्या सुमारे ११ लाख किलोमीटर रस्त्यांपैकी महामार्ग आणि राष्ट्रीय रस्ते वीस-बावीस हजार किलोमीटरच्या आसपास. बाकी सगळं जिल्ह्याचं आणि गावाचं. इथे अडीचपट वस्तीसाठी आखलेलं जाळं आज मूठभर लोकांच्या वाट्याला आलंय, आणि ते डागडुजी करून ठेवलेलं आहे. जिल्ह्याची हद्द ओलांडली की रस्त्याचा नंबर बदलतो आणि बऱ्याचदा डांबराचा पोतही. पाटी दिसायच्या आधी टायरला कळतं.

रस्ता निवडायला मी अजून कागदी नकाशा वापरते. मोबाइलवरचं ॲप दोन गावांमधला ‘चांगला’ रस्ता देतं आणि नेमका तोच नको असतो. मिशेलिनच्या नकाशावर लाल रस्ता मोठा, पिवळा मधला, पांढरा लहान. काही रस्त्यांना हिरवी किनार असते, म्हणजे देखणा रस्ता. नवखे लोक हिरवी किनार शोधतात. मी रविवारी ती टाळते, कारण मोटारसायकलवाल्यांकडेही तोच नकाशा असतो. माझा आडाखा साधा आहे: एका बारक्या गावातून त्याहून बारक्या गावाला जाणारा पांढरा रस्ता शोधायचा. पिवळाच घ्यायचा झाला तर त्याला समांतर एखादा लाल आहे ना ते बघायचं, म्हणजे घाईतले लोक तिकडे जातात. आणि रस्त्यावरचे छोटे बाण मोजायचे. एक बाण म्हणजे पाच टक्क्यांच्या वरचा चढ, दोन म्हणजे नऊच्या वर. तीन दिसले की मी दुसरं गाव शोधते.

माझा आवडता फेरा असा: एमुतिए, पेरा-ल-शातो, मग वासिव्हिएरचा तलाव, रुआयेर, जाँतिउ, फो-ला-मोंतान्य, तारनाक आणि शेवटी ब्यूजा स्टेशन. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात. वासिव्हिएर म्हणजे १९५० च्या सुमारास धरण बांधून झालेला तलाव. टूरची वैयक्तिक टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत) १९८५, १९९० आणि १९९५ अशी तीनदा इथे झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत काठावर गर्दी असते, तेव्हा पटकन पुढे निघावं.

थांबायचं ते जाँतिउला. फ्रान्समध्ये जवळपास प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक असतं. सहसा कोंबडा, झेंडा, नाहीतर बंदूक घेतलेला शिपाई. जाँतिउच्या स्मारकापाशी शाळकरी पोशाखातला एक पोरका मुलगा उभा आहे. एका हातात टोपी, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली, आणि ती मूठ दगडावर कोरलेल्या नावांकडे रोखलेली. नावांच्या यादीखाली लिहिलंय, ‘युद्धाचा धिक्कार असो’. देशासाठी वीरमरण वगैरे काही नाही. नावं वाचत गेलं की तेच तेच आडनाव पुन्हा येतं. मग वर मान करून चौक बघायचा आणि किती घरांच्या झडपा उघड्या आहेत ते मोजायचं.

पाण्याचं मात्र नीट लक्षात ठेवा. दुकानं कमी, त्यातली दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती दोन-तीन तास उघडत नाहीत. अशा वेळी स्मशानात जायचं. खरंच. गावाच्या कडेला भिंतीआडचं कब्रस्तान शोधायचं. फुलझाडांना पाणी घालायला आत नळ असतो आणि ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी नसेल तर सायकलवाले बाटल्या तिथेच भरतात. पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं. नळाशी एक आजी झारी भरत होत्या. मी ‘बोंजूर मादाम’ म्हणून संकोचून बाजूला उभी राहिले. त्यांनी झारी खाली ठेवली, माझी बाटली हातातून घेतली, नळ थोडा वेळ वाहू दिला आणि गार पाणी यायला लागल्यावर भरून दिली. ‘आता कोणीतरी जिवंत माणूस येतंय, बरंय,’ म्हणाल्या आणि गेल्या.

अगदीच वाहन दिसत नाही असं नाही. विसाव्या शतकात इथल्या ओसाड माळांवर सूचिपर्णी झाडांची लागवड झाली आणि आता ती तोडणीला आली आहे. त्यामुळे आठवड्यातल्या दिवशी ओंडक्यांनी भरलेले ट्रक येतात. आवाज लांबून येतो, तेव्हा सरळ खाली उतरून उभं राहावं. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे, आणि इथले गाडीवाले तो बहुतेक वेळा पाळतात. वळणावर मागे रांगत राहतात, हॉर्न वाजवत नाहीत. खरा शत्रू म्हणजे उन्हाळ्यातली बारीक खडी. रस्ता दुरुस्त करायचा म्हणजे डांबर शिंपडून वर खडी पसरतात आणि ती दाबायचं काम गाड्यांवर सोडतात. जिथे गाड्याच नाहीत तिथे ती खडी आठवडे तशीच. उतारावर तिची पाटी दिसली की पुढचा ब्रेक जपून.

आता ट्रॅकबद्दल. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर आणि कालव्यांच्या काठाने सायकलवाटा आहेत आणि त्या उत्तम आहेत. पहिली अशी वाट बर्गंडीत झिव्ह्री ते क्लुनी, १९९७ साली झाली. लहान मुलं बरोबर असतील, किंवा आईबाबांना भाड्याच्या सायकलवर बसवायचं असेल, तर तिकडेच जा. निव्हेर्नेचा कालवा तर फार सुंदर, दर थोड्या अंतरावर बोटींना वर-खाली नेणारं पाण्याचं दार आणि त्याशेजारी टुमदार घर. पण दोन तासांनी मला कंटाळा येतो. पाणी सपाट, वाट सपाट, वळण नाही, गाव बाजूला राहून जातं. चढाच्या टोकाला चर्चचा मनोरा दिसावा, तो वीस मिनिटं जवळच येऊ नये, आणि मग एकदम आपण चौकातच असावं, ही मजा कालव्यावर नाही.

आईचा प्रश्न वेगळाच. ‘रस्त्यावर चिटपाखरू नसतं म्हणतेस, आणि वर म्हणतेस सुरक्षित आहे. अगं, पडलीस तर कोण बघणार?’ प्रश्न बरोबर आहे. मोबाइलला बऱ्याच दऱ्यांत रेंज नसते. म्हणून मी सकाळी मैत्रिणीला मार्ग लिहून पाठवते, पंक्चरचं सामान आणि दोन ट्यूब जवळ ठेवते. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक केशरी जाकीट घालते. आईला यातलं फक्त ट्यूबचं सांगितलंय.

कोणी येणार असेल तर मेच्या शेवटापासून जूनपर्यंत या, नाहीतर सप्टेंबरात. पाऊस कधीही येऊ शकतो, पठार त्यासाठीच प्रसिद्ध आहे. सोमवारी निघू नका, बऱ्याच बेकऱ्या बंद असतात. ब्यूजाहून परतीच्या गाड्या दिवसातून थोड्याच, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा आणि तारनाकला कॉफीसाठी बसायचं की नाही ते त्यावरून ठरवा.