लांब दांड्याची करवत

उत्तरायणाचे दोन दिवस आटोपले की आमच्या बडोद्यातील झाडांवर फाटक्या पतंगांचा आणि गुलाबी दोऱ्याचा जो बहर लटकू लागतो, तो होळीपर्यंत उतरत नाही. आमच्या अंगणातील कडुनिंबावर यंदा सात पतंग होते. त्यांचे मला काही विशेष वाटले नसते. परंतु त्यांतले चार ज्या फांदीवर अडकले होते, ती फांदी नैर्ऋत्येच्या कुंपणावरून आडवी वाढत गेली होती आणि तिच्या अंगावरचे उभे धुमारे दुपारी तीननंतर गच्चीवरील सौर पॅनेलांवर सावली धरू लागले होते. पॅनेल एकामागे एक जोडलेले असले की एकावरच्या सावलीचा भुर्दंड अख्ख्या ओळीला बसतो, हे माझ्या यजमानांनी मीटरचे आकडे रोज वहीत टिपून मला दाखवून दिले. उन्हाळ्यात ज्या झाडाखाली बसून आपण चहा घ्यायचा, त्याच्याविरुद्ध अशी वही तयार व्हावी याचे मला वाईट वाटले, पण वहीतले आकडे खोटे नव्हते.

पूर्वी अशा कामाला एक गृहस्थ येत असत. कमरेला कोयता खोचून, खांद्यावर दोर टाकून ते झाडावर चढत आणि तोडायच्या फांदीला आधी हाताने थोपटून पाहत. आता त्यांचे गुडघे चढू देत नाहीत आणि त्यांच्या मुलाला झाडांचे काम नको आहे. त्यामुळे पुतण्या घर बदलताना आपली बॅटरीवर चालणारी पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याची साखळी करवत, खोक्यासकट आमच्याकडे टाकून गेला, तेव्हा माहितीपुस्तिका यजमानांनी वाचायची आणि यंत्र मी जोडायचे, अशी वाटणी आपोआप झाली. चाळीस वर्षे शिलाई मशीन चालवलेल्या बाईला सुटे भाग पाहून भीती वाटत नाही. पुढे जी एक चूक माझ्या हातून होता होता राहिली, ती याच निर्भयपणामुळे.

जोडणीचा पहिला नियम असा की बॅटरी यंत्रात नसावी. ती नुसती काढून शेजारी ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेली बरी. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मी दांड्याचे तीन तुकडे, मोटारीचे डोके, आठ इंची पट्टी आणि साखळी मांडली. या पट्टीला सगळे बारच म्हणतात. साखळी हातमोजे घालूनच उचलायची असते, कारण बंद यंत्राची साखळीसुद्धा बोट कापू शकते. डोक्यावरचे झाकण काढले की आत एक लहानसे दातेरी चाक दिसते. साखळीचा वेढा त्या चाकावर आणि बारच्या कडेच्या खाचेत बसवायचा, आणि वरच्या बाजूचे दात बारच्या टोकाकडे तोंड करून आहेत ना, हे पाहून घ्यायचे. मी पहिल्यांदा साखळी उलटी बसवली. बारवर कोरलेल्या चित्राशी ताडून पाहिली तेव्हा चूक कळली. नाही तर करवत फिरली असती, लाकडाला घासून धूर काढला असता आणि कापले मात्र काहीच नसते. सुईची चपटी बाजू चुकीच्या दिशेला बसली की मशीन जसे टाके सोडत जाते, तसाच हा प्रकार.

दात नीट पाहावे म्हणून मी चष्मा बदलला. प्रत्येक दात वरून आकडीसारखा वळलेला असतो, त्याच्यापुढे एक बोथट उंचवटा असतो, आणि दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे आळीपाळीने लावलेले असतात. उंचवटा किती खोल चावा घ्यायचा ते ठरवतो आणि दात तेवढाच छिलका काढतो. या आकाराची कल्पना अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून सुचली आणि पुढच्या वर्षी त्याने अशा साखळ्या विकायला काढल्या. ज्या किडीच्या नावाने आपण दारे-खिडक्यांना तेल चोळतो, तिचा जबडा आपल्या टेबलावर पडलेला आहे, हे कळल्यावर मी साखळी जरा आदराने ठेवली.

ताण मात्र मला लगेच उमगला. बारच्या खालच्या बाजूला मधोमध साखळी चिमटीत धरून ओढली, तर ती किंचित सुटावी, तिचे आतले कोंब खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत आणि सोडताच ती टक् करून जागेवर बसावी. बॉबिन केसच्या दोऱ्याचा ताण ज्याने हाताने जोखला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. नवी साखळी पहिल्या काही मिनिटांत तापून सैल होते, म्हणून ताण पुन्हा पाहायचा. पण तापलेली असताना फार आवळायची नाही, कारण गार झाल्यावर ती आक्रसते आणि बारला करकचून बसते. तेलाची परीक्षाही ओळखीची निघाली. मशीनला तेल घातल्यावर आपण आधी चिंधीवर चार टाके घालतो. इथे टाकीत साखळीचे तेल भरायचे, बारचे टोक पुठ्ठ्यासमोर धरून करवत क्षणभर चालवायची आणि पुठ्ठ्यावर तेलाची पुसट रेघ उमटली तर साखळीपर्यंत तेल पोहोचते आहे असे समजायचे.

दांडा जोडून सगळे उचलले तेव्हा चार किलोंचे वजन आठ किलोंसारखे भासले. मोटार आणि बार वर, बॅटरी आणि खटका खाली, मध्ये अडीच मीटर नळी. टोकाचे ओझे मनगटाला कसे छळते ते पहिल्या मिनिटातच कळले. या यंत्राची खरी खोड त्याच्या लांबीत आहे, असे माझे मत झाले. करवत अडीच मीटर दूर आहे म्हणजे धोकाही तेवढाच दूर आहे, असे हातांना वाटू लागते. प्रत्यक्षात हातांपासून दूर गेलेला धोका डोक्यावर येऊन उभा राहिलेला असतो. झाडावर चढणारे ते गृहस्थ फांदीच्या मुळाशी, खोडाला बिलगून बसत आणि फांदी त्यांच्यापासून दूर पडे. मी खाली होते आणि फांदी माझ्या दिशेने येणार होती. पुस्तिकेतली निम्मी पाने त्यामुळे कसे कापावे यापेक्षा कुठे उभे राहावे हेच सांगतात: फांदीच्या बरोबर खाली कधीही नाही, दांडा जमिनीशी साठ अंशांपेक्षा उभा नाही, शिडीवर तर मुळीच नाही, मागे सरकायची वाट आधी मोकळी करून ठेवलेली, बाकी माणसे पंधरा मीटरांच्या बाहेर आणि विजेच्या तारा निदान दहा मीटर दूर. बॅटरीचे यंत्र म्हणून विजेची भीती नाही, असे कोणाला वाटेल. परंतु दांडा तारेला लागला तर तारेतील वीज दांड्यातून थेट धरणाऱ्यापर्यंत येते. आमच्याकडच्या तारा घराच्या पलीकडच्या बाजूला आहेत म्हणूनच मी हे काम अंगावर घेतले.

फाल्गुन लागला, कडुनिंबाने पाने झाडायला सुरुवात केली आणि कावळ्यांची घरटी अजून झाली नव्हती, तेवढ्यात एका रविवारी सकाळी मुहूर्त साधला. स्कूटरचे हेल्मेट घालून वर पाहता येत नाही, मान अडते, म्हणून बांधकामावरचे पिवळे हेल्मेट आणि चारी बाजूंनी बंद चष्मा आणला होता. साडी आणि ओढणी दोन्ही वर्ज्य असल्यामुळे मी पुतण्याची जुनी जीन्स चढवली. तो अवतार पाहून शेजारच्या बेन कुंपणापलीकडून हसल्या, ‘संभाळजो’ म्हणाल्या आणि मागच्या अंगणात निघून गेल्या.

फांदी एकदम मुळाशी कापायची नसते; टोकाकडून तुकडे करत आत यायचे. साखळी आधी पूर्ण वेगाने फिरू द्यायची, मग बार अलगद फांदीवर टेकवायचा आणि करवतीच्या वजनालाच काम करू द्यायचे; आपण दाबायचे नाही. बारच्या टोकाचा वरचा कोपरा मात्र लाकडाला लागू द्यायचा नाही, नाही तर करवत उसळून आपल्याच दिशेला येते. पहिला तुकडा शेंड्यावर पडला आणि त्याचा बुंधा चेंडूसारखा उसळून मी मघाशी जिथे उभी होते तिथे येऊन आदळला. मी दोन पावले मागे सरले होते.

दुसऱ्या तुकड्यानंतर साखळी मंदावली आणि थांबली. मोटार नुसती गुणगुणू लागली. मी खटका सोडला, दांडा खाली आडवा घेतला आणि झाकणाच्या फटीतून बाहेर आलेले गुलाबी टोक पाहून सरळ बोटे घातली. शिलाई मशीनमध्ये सुईखाली दोऱ्याचा गुंता झाला की पाय पॅडलवरून उचलायचा आणि हात घालायचा, ही चाळीस वर्षांची सवय. ‘अगं, बॅटरी!’ असे यजमान कधी नव्हे एवढ्या मोठ्याने ओरडले. यंत्र थांबलेले होते, पण निर्जीव झालेले नव्हते. बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली, झाकण उघडले, तर दातेरी चाकावर मांजाचे वीस-पंचवीस वेढे करकचून बसलेले, काचेची भुकटी उन्हात चमकणारी. ते मी शिवण उसवायच्या काट्याने एकेक करून सोडवले. उरलेले पतंग आणि दोरा बांबूच्या आकड्याने आधी उतरवायला हवा होता, ही अक्कल तेव्हा आली आणि पुढचा अर्धा तास त्यातच गेला.

राहिला होता खोडाजवळचा खुंट. तो नुसता वरून कापला तर शेवटी मोडून खोडाची साल खालपर्यंत सोलत नेतो. म्हणून थोडे बाहेर, खालच्या बाजूने आधी एक तृतीयांश चिरायचे, त्याच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवायचे आणि मग उरलेला बोटभर खुंट नीट काढायचा. खालून चिरताना करवत दांड्यातून मला मागे ढकलत होती, ते अंगाला कळत होते. शेवटचा छेद खोडाला सपाट घेतला नाही. फांदी जिथे खोडातून फुटते तिथे सालीचे एक सुजल्यासारखे कडे असते. ते राखले की झाड त्याच कड्यातून नवी साल आणून जखम मिटवत जाते.

बॅटरी काढून, साखळी पुसून, तेलाची टाकी रिकामी करून बारवर म्यान चढवले, तोवर बेन दातणासाठी काड्या मागायला आल्या आणि निम्म्या फांदीचा प्रश्न सुटला. वहीत आता दुपारचे आकडे बरे दिसतात. फाटकाजवळची एक खालची डहाळी मात्र यजमानांच्या यादीत असूनही मी कापली नाही. पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा लागतो, आणि तिथपर्यंत माझा हात पोहोचतो.