डिस्क कोरी नव्हती

दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, ते होळीपर्यंत. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या गावात मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या रात्री नाटक ठरलेलंच, आणि लोक पहाटेच घरी परततात. २००९ पासून चार हंगाम माझ्या मामेभावाने ही नाटकं आणि गावच्या दोन दंडारी (इकडची लोकनाट्यं) कॅमेऱ्यात घेतल्या होत्या. त्यात पेटीवर बसलेले काका दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा मंडळाने ठरवलं की मंडईत त्यांची पेटी ऐकवायची.

हा मामेभाऊ, म्हणजे दादा, आता नागपूरला असतो. त्याने १ टीबीची जुनी डिस्क इकडे येणाऱ्या एका माणसाच्या हाती पाठवली आणि फोनवर एवढंच म्हणाला, "त्यात सगळं आहे." सगळं होतंच. ते वाचायचं कशावर, हे सांगायचं राहून गेलं.

घरच्या लॅपटॉपला डिस्क लावली. सिस्टीमचं नाव घेत नाही, गावात बहुतेकांकडे तीच आहे. पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, फॉरमॅट करायची का?

भाचा माऊसवर बसला होता. "मामा, करू का? मंग उघडन नं."

"थांब बे," एवढंच तोंडातून निघालं. शहाणपणाने नाही, घाबरून.

तालुक्याच्या दुकानात नेली. तिथेही तीच पाटी. दुकानदार म्हणाला, "डिस्क गेली जी. फॉरमॅट मारतो, मंग रिकव्हरीवर टाकू. पाच हजार लागतील." आधी पुसायचं आणि मग पुसलेलं शोधायचे पैसे द्यायचे! पण त्याला तरी काय बोलणार? मशीन जे सांगत होतं तेच तो मला सांगत होता. तिथूनच दादाला फोन लावला.

"अरे, लिनक्सवर केली होती ती. ईएक्सटी-४ आहे." लिनक्स म्हणजे संगणकाची वेगळी सिस्टीम, आणि ईएक्सटी-४ ही तिची डिस्कवर फायली मांडायची पद्धत.

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"मले वाटलं, दिसन."

माझा राग या 'फॉरमॅट करू का' वर आहे. तहसिलीत जुना मोडीतला कागद नेला तर बाबू म्हणतो, "मोडी आहे, मला येत नाही, जाणणाऱ्याकडे न्या." कागद कोरा आहे, पुसून देऊ का, असं कुणी विचारत नाही. आणि इथे ओळखण्यापुरतं वाचणं तर फारच सोपं आहे. डिस्कचे विभाग पाडलेले असतात; ईएक्सटी जातीच्या विभागात सुरुवातीपासून १,०८० बाइट सोडले की दोनच बाइटांची ठरलेली खूण असते, ईएफ५३. एवढं पाहून 'ही लिनक्सची दिसते, मला वाचता येत नाही' असं लिहिता आलं असतं. आतल्या फायली उघडून दाखवा असं माझं म्हणणंच नाही.

नंतर खोलात गेलो तेव्हा थोडा दोष दादाच्या बाजूलाही निघाला. जीपीटी ही डिस्कवरच्या विभागांची यादी ठेवायची पद्धत. तशा डिस्कवर प्रत्येक विभागाला तो कशाचा आहे हे सांगणारा लांबलचक क्रमांक असतो. त्या काळातली लिनक्सची साधनं आपल्या विभागांनाही 'साधा डेटा' हाच क्रमांक देत, जो दुसऱ्या सिस्टीमचा होता. म्हणजे दाराची पाटी ओळखीची, आत भाषा वेगळी. लिनक्सला स्वतःचा वेगळा क्रमांक मागाहून मिळाला. दादाची डिस्क त्याआधीची.

गंमत म्हणजे हा विचार जीपीटी बनवणाऱ्यांनी आधीच केला होता. जीपीटी न कळणाऱ्या जुन्या साधनाला डिस्क रिकामी वाटू नये म्हणून डिस्कच्या पहिल्याच तुकड्यात (सेक्टरमध्ये) जुन्या पद्धतीचा एक नावापुरता विभाग लिहिलेला असतो, ईई या प्रकाराचा, पूर्ण डिस्क व्यापणारा. जुनं साधन तो पाहतं आणि समजतं, 'जागा भरलेली आहे, कशाने ते मला ठाऊक नाही.' मला तेवढंच हवं होतं.

पुढचं काम पेनड्राइव्हवर. दादाने फोनवर सांगत सांगत उबुंटू नावाचं लिनक्स टाकायला लावलं, लॅपटॉप त्यावरून सुरू केला. एक आज्ञा दिली आणि डिस्क न उघडताच पडद्यावर आलं: ईएक्सटी-४, नाव 'नाटक'. भाचा म्हणाला, "नावासकट दिसून राहिलं नं!"

मी लगेच उघडणार, तर दादा ओरडला. 'फक्त वाचा' म्हणून जोडली तरी ईएक्सटी-४ अर्धवट राहिलेल्या नोंदी पुऱ्या करायला डिस्कवर लिहितं. शेवटच्या वेळी वायर तशीच ओढली असेल तर हे होतंच. ते थांबवायला 'आरओ' (फक्त वाचा) च्या जोडीला 'नोलोड' असं लिहावं लागतं. हे लिनक्सच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, पण म्हणून बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. फक्त वाच म्हटलं तर फक्त वाचावं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. ईएक्सटी-४ डिस्कच्या माथ्यावर तीन वेगळ्या यादींत खुणा ठेवतं. पहिल्या यादीतली खूण ओळखीची नसली तरी खुशाल वापरा. दुसरीतली कळली नाही तर वाचा, पण लिहू नका. तिसरीतली कळली नाही तर हातच लावू नका. म्हणजे वीस वर्षांनी काय नवीन येईल हे माहीत नसतानाही, न कळल्यावर कसं वागायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं. आमच्या पाटीला 'सगळं येतं' आणि 'फॉरमॅट करा' यांच्या मधली जागाच ठाऊक नव्हती.

नकलेसाठी नवी डिस्क घेतली ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली. फॅट३२ या जुन्या पद्धतीवर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही आणि रात्रभराचं नाटक त्यात मावणारं नव्हतं. एकूण २०० जीबीच्या आसपास, जुनी यूएसबी, म्हणजे दोन तासांचं काम. ते चार तासांवर गेलं, कारण मध्ये लाइन गेली आणि लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच आहे. पहिली फाइल लावली तर आधी माइकची शिट्टी, मग कुणीतरी "ओ पेटीवाले, सूर धरा जी" म्हणतो, आणि मग काकांची पेटी.

डिस्कवर आता मार्करने 'लिनक्स. फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा' असं लिहिलंय. त्या विभागाचा क्रमांक बदलून लिनक्सचा करता येतो, एका आज्ञेचं काम आहे, फायलींना धक्का लागत नाही म्हणतात. अजून केलं नाही. दुसरी नक्कल दादाकडे नागपूरला पोचली की मग बसू.